वॉर्डातला पहिला डॉक्टर आणि गिंडीचे मोठे रुग्णालय

चेन्नई शहराच्या दक्षिण भागातील गिंडी येथे कलैञर शताब्दी सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी तेथील बाह्यरुग्ण विभागात एका ज्येष्ठ कर्करोगतज्ज्ञावर चाकूने अनेक वार करण्यात आले. हल्ला करणारा तरुण त्याच रुग्णालयात उपचार घेतलेल्या एका महिलेचा मुलगा होता आणि आईवरील उपचारांविषयी त्याच्या मनात राग होता, असे तपासात पुढे आले. डॉक्टरांचे प्राण वाचले. या घटनेच्या निषेधार्थ राज्यभरातील डॉक्टरांनी आंदोलन केले, तातडीच्या सेवा वगळता अनेक ठिकाणी काम थांबले. त्यानंतर रुग्णालयांत धातुशोधक यंत्रे, कॅमेरे, पोलीस चौक्या आणि नातेवाइकांसाठी ओळखपट्ट्या अशा उपायांची घोषणा झाली.

डॉक्टरांवरील हल्ल्यांना आळा घालणारा कायदा तामिळनाडूत २००८ पासून अस्तित्वात आहे. त्यामुळे आंदोलनातील चर्चा सुरक्षारक्षकांच्या संख्येपाशी थांबली नाही. रुग्ण वाढत असताना डॉक्टरांची पदे त्या प्रमाणात का वाढत नाहीत, हा जुना प्रश्न डॉक्टरांच्या संघटनांनी पुन्हा उपस्थित केला. या प्रश्नाचा माग काढू लागले की वाट रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडते आणि वॉर्डातील लहान दवाखान्यापर्यंत जाऊन पोचते. ताप, मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण आणि खोकला यांसाठी माणूस ज्याच्याकडे सर्वप्रथम जातो, त्या डॉक्टरच्या टेबलावर आज नेमके काय काय येऊन पडले आहे, हे समजून घेतल्याशिवाय मोठ्या रुग्णालयातील गर्दीचा उलगडा होत नाही.

इमारती उभ्या राहतात

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात गिंडीचे स्थान मोठे आहे. येथील 'किंग इन्स्टिट्यूट' १८९९ मध्ये स्थापन झाली. नावातील 'किंग' म्हणजे राजा नव्हे. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डब्ल्यू. जी. किंग यांचे नाव या संस्थेस दिले गेले. देवीच्या लसीसाठी सुरू झालेली ही संस्था पुढे रोगनिदान आणि संशोधनाचे केंद्र बनली आणि कोविड साथीत तिच्या प्रयोगशाळेवर चाचण्यांचा मोठा भार होता. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत, ते डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठही गिंडीतच आहे. जवळच राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेची इमारत आहे. जुलै २०२० मध्ये या इमारतीत कोविड रुग्णालय सुरू करण्यात आले आणि वृद्धांवरील उपचारांसाठी तिचे औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले.

किंग इन्स्टिट्यूटच्याच आवारात उभारलेल्या कलैञर शताब्दी रुग्णालयाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली आणि १५ जून २०२३ रोजी ते रुग्णांसाठी खुले झाले. एक हजार खाटांची इमारत सुमारे सव्वा वर्षात पूर्ण होणे ही कोणत्याही राज्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. मात्र या रुग्णालयासाठी पुरेशी नवी पदे निर्माण न करता इतर संस्थांतील मनुष्यबळ येथे वळविण्यात आले, असा आक्षेप डॉक्टरांच्या संघटनांनी घेतला. सव्वा वर्षात इमारत बांधता येते. शिकलेला, अनुभवी आणि कायम नेमणुकीचा डॉक्टर तेवढ्या काळात तयार होत नाही.

पाटी बदलते, डॉक्टर एकच

मोठ्या रुग्णालयाच्या आधीचा टप्पा म्हणजे नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र. राष्ट्रीय निकषांनुसार शहरी भागात साधारण ५० हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र अपेक्षित आहे. चेन्नई महापालिकेची अशी सुमारे १४० केंद्रे आहेत. लोकसंख्येच्या मानाने ही संख्या वरवर ठीक वाटली तरी गिंडीसारख्या भागात हिशेब चुकतो. येथे १९५० च्या दशकात उभी राहिलेली औद्योगिक वसाहत आहे, उपनगरी रेल्वे, मेट्रो आणि बस यांचे जाळे आहे, आणि दिवसा या भागात वावरणाऱ्या माणसांपैकी मोठी संख्या तेथील मतदारयादीत नसते. कामगार जेथे काम करतो तेथेच त्याला औषध हवे असते, पण केंद्राची आखणी रहिवाशांच्या संख्येवरून होते.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न डिसेंबर २०२० मध्ये झाला. तत्कालीन मुख्यमंत्री एडप्पाडी पलानीस्वामी यांनी राज्यात २,००० 'अम्मा मिनी क्लिनिक' सुरू करण्याची योजना आणली. प्रत्येक दवाखान्यात एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक मदतनीस अशी रचना होती. या योजनेतील सुमारे १,८०० डॉक्टरांच्या नेमणुका तात्पुरत्या होत्या. पुढील वर्षी सत्तांतर झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये, योजना मुळातच एका वर्षासाठी होती असे सांगून, नव्या सरकारने ती बंद झाल्याचे जाहीर केले. विरोधी पक्षाने याला राजकीय सूड म्हटले. दोन्ही बाजूंचे म्हणणे क्षणभर बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. वर्षभर एका डॉक्टरकडे रक्तदाबाची गोळी घेण्यास जाणाऱ्या माणसाला एके दिवशी ते दार बंद दिसले.

जून २०२३ मध्ये तामिळनाडूत ५०० नागरी आरोग्य व स्वास्थ्य केंद्रांचे उद्घाटन झाले. एकूण ७०८ केंद्रांची योजना होती. सकाळी आठ ते बारा आणि सायंकाळी चार ते आठ ही त्यांची वेळ ठरविण्यात आली. कामावर जाणाऱ्या माणसाचा विचार या वेळांमागे स्पष्ट दिसतो. प्रत्येक केंद्रात एक डॉक्टर, एक परिचारिका, एक आरोग्य निरीक्षक आणि एक सहायक. म्हणजे पाटी नवी आली, निरीक्षक वाढला, डॉक्टर मात्र पूर्वीप्रमाणेच एक राहिला.

या केंद्रांचा पैसा कोठून येतो, हा भाग सहसा बातम्यांत येत नाही, पण सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यासाठी देशभर मिळून ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचविले होते. नागरी आरोग्य व स्वास्थ्य केंद्रे प्रामुख्याने याच अनुदानावर उभी राहिली. अनुदानाची मुदत २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षांची होती आणि ती मार्च २०२६ मध्ये संपली. मुदतीच्या पैशातून मुदतीचीच नेमणूक होते. पाच वर्षांच्या निधीवर कोणतेही राज्य तीस वर्षे वेतन आणि नंतर निवृत्तिवेतन द्यावे लागणारे पद सहजासहजी निर्माण करत नाही. त्यामुळे मधुमेहासारखा आयुष्यभराचा आजार असलेला रुग्ण आणि अकरा महिन्यांच्या करारावरील डॉक्टर अशी जोडी देशातील अनेक शहरांत दिसते.

निधी अडण्याची आणखीही कारणे असतात. पंजाबमध्ये 'आम आदमी क्लिनिक'च्या नावावरून आणि रंगरूपावरून २०२३ मध्ये केंद्र आणि राज्य यांच्यात वाद झाला व राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी थांबला. दवाखान्याच्या दारावर कोणाचे नाव असावे, यावर पत्रव्यवहार चालू असताना आतील डॉक्टर रुग्ण तपासतच असतो.

कपात हा शब्द न वापरता

भारतात आरोग्यावरील खर्चात 'कपात केली' असे कोणताही अर्थमंत्री सांगत नाही. आकडे बहुधा वाढलेलेच असतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये सरकारी आरोग्य खर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, आणि लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला होता. ही सुधारणा खरी आहे. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते आणि त्यातील दोन तृतीयांश किंवा अधिक रक्कम प्राथमिक सेवेवर खर्च व्हावी, असे म्हटले होते. ठरवून दिलेले आणि प्रत्यक्ष दिलेले यांतील अंतर म्हणजेही एक प्रकारची कपातच. फक्त ती कोणत्याही ठरावात लिहिलेली नसते.

दुसरी कपात पदांच्या मोजमापात दडलेली असते. २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात तामिळनाडूतील सरकारी डॉक्टरांनी संप केला होता. वेतनश्रेणी आणि कालबद्ध पदोन्नती यांबाबत २००९ च्या शासन आदेश क्रमांक ३५४ ची अंमलबजावणी करावी, ही त्यांची मुख्य मागणी सर्वत्र छापली गेली. दुसरी एक मागणी मात्र थोडी झाकोळली. सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांची पदे भारतीय वैद्यक परिषदेच्या निकषांनुसार कमी करू नयेत, ती रुग्णसंख्येवरून ठरवावीत, असे संपकऱ्यांचे म्हणणे होते.

हा मुद्दा तांत्रिक वाटला तरी समजण्यास अवघड नाही. वैद्यक परिषदेचे निकष महाविद्यालयासाठी असतात. विद्यार्थी किती, त्यांना शिकविण्यास अध्यापक किती, खाटा किती, असा तो हिशेब असतो. शिक्षणाचा किमान दर्जा राखण्यासाठी तो योग्य आहे. पण ज्या रुग्णालयात सकाळी सातपासून रांग लागते तेथे हीच किमान संख्या कमाल मानली गेली, तर 'जादा' ठरलेले डॉक्टर इतरत्र पाठवता येतात आणि कागदोपत्री कोणतीही कमतरता दिसत नाही. प्राथमिक केंद्रांतही तेच होते. तेथे पदे लोकसंख्येच्या ठोकताळ्याने ठरतात. लोकसंख्या तेवढीच राहिली, पण वृद्ध वाढले, मधुमेही वाढले आणि प्रत्येक जण वर्षातून दोनदा येण्याऐवजी बारा वेळा येऊ लागला, तर मंजूर पदांच्या तक्त्यात काहीही बदलत नाही.

काम वाढले, आणि ते चांगले काम आहे

तामिळनाडूत हे सारे प्रत्यक्षात घडले आहे. लोकसंख्या अंदाजांनुसार २०२१ मध्ये राज्यातील साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण १३.६ टक्के होते. मोठ्या राज्यांत केरळच्या खालोखाल. २०२० मधील आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील सुमारे एक तृतीयांश प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. त्यांच्यापैकी ज्यांचा रक्तदाब नियंत्रणात होता, असे लोक जेमतेम सात टक्के होते. मधुमेहाचे चित्रही फारसे वेगळे नव्हते.

या सर्वेक्षणाची दखल घेऊन ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातून 'मक्कळै तेडि मरुत्तुवम्' ही योजना सुरू झाली. नावाचा अर्थ साधारणपणे 'लोकांचा शोध घेत जाणारे वैद्यक' असा होतो. बचत गटांतील महिला स्वयंसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब व साखर तपासतात, महिन्याच्या गोळ्या पोचवितात. अंथरुणाला खिळलेल्यांना फिजिओथेरपी आणि उपशामक सेवा घरी मिळते. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका पुरस्काराने या योजनेचा गौरव झाला. गोळ्यांसाठी दरमहा रांगेत उभे राहण्याची अनेकांची पायपीट तिने वाचविली, यात शंका नाही.

परंतु शोधले की रुग्ण सापडतात. स्वयंसेविकेने नोंदविलेल्या प्रत्येक नव्या रुग्णाला निदानाची खात्री, औषधाची मात्रा आणि मूत्रपिंड व डोळ्यांच्या तपासणीचा सल्ला देणारा डॉक्टर लागतो, आणि तो त्याच केंद्रातील असतो. त्याच्याकडे लसीकरण असते, क्षयरुग्णांचा पाठपुरावा असतो, पावसाळ्यात डेंग्यूचा अहवाल असतो. गरोदर महिलांची नोंद करणाऱ्या राज्याच्या संगणक प्रणालीतील क्रमांक जन्मदाखल्यासाठी लागतो, म्हणून त्या नोंदीतही चूक चालत नाही. त्याशिवाय शिबिरे असतात. १९९९ मध्ये सुरू झालेली 'वरुमुन् काप्पोम्' म्हणजे 'येण्याआधीच रक्षण करू' ही शिबिरे २०२१ नंतर पुन्हा भरविली गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये 'नलम् काक्कुम् स्टालिन्' या नावाने आणखी एक शिबिरमालिका आली. शिबिराच्या मांडवात बसलेला डॉक्टर आकाशातून येत नाही. तो कोणत्यातरी नेहमीच्या खुर्चीवरून उठून आलेला असतो.

आठ तास उघड्या असणाऱ्या केंद्रात डॉक्टरजवळ ४८० मिनिटे असतात. प्रत्येकाला दहा मिनिटे द्यायची तर ४८ माणसे होतात आणि त्यात एकही नोंदवही भरून होत नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या आढाव्यात प्राथमिक सेवेतील सरासरी भेट बांगलादेशात ४८ सेकंदांची, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटांची आणि भारतात सुमारे दोन मिनिटांची असल्याचे आढळले होते. ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांनी निधीवरून ऑगस्ट २०२४ मध्ये सामूहिक कृती सुरू केली, तेव्हा त्यांच्या संघटनेने सुचविलेल्या उपायांपैकी एक होता दिवसाला २५ रुग्णांची मर्यादा. चेन्नईतील केंद्रावर अशी मर्यादा घातली तर सव्विसावा रुग्ण गिंडीच्या रुग्णालयात जाईल. आजही त्याला दोन मिनिटांत समाधान वाटले नाही तर तो तेथेच जातो.

पाच रुपयांचे डॉक्टर

सरकारी केंद्र अपुरे पडते तेथे गल्लीतील खासगी दवाखाना उभा असतो. उत्तर चेन्नईत वॉशरमनपेठेतील डॉ. एस. जयचंद्रन आणि व्यासर्पाडीतील डॉ. तिरुवेंगडम हे दोघेही 'पाच रुपयांचे डॉक्टर' म्हणून ओळखले जात. पहिले डिसेंबर २०१८ मध्ये आणि दुसरे ऑगस्ट २०२० मध्ये निवर्तले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या लोकांत त्यांनी तपासलेल्या तीन पिढ्या होत्या. अशा माणसांचे गुणगान करणे सोपे असते. त्यांच्या जागी कोण बसले, हे विचारण्याचे मात्र राहून जाते. आज शहरात खोलीचे भाडे, मदतनीसाचे वेतन आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे शुल्क भरून पाच रुपयांत दवाखाना चालविणे कोणत्याही तरुण डॉक्टरला शक्य नाही.

शासन या खासगी डॉक्टरकडून काही कामे हक्काने करून घेते. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची माहिती कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि २०१८ पासून न कळविल्यास फौजदारी कारवाईची तरतूद आहे. कळविल्याबद्दल पाचशे रुपये मानधन ठेवण्यात आले, हे खरे. पण आरोग्यावरील सरकारी पैशाचा मोठा प्रवाह या डॉक्टरला वळसा घालून जातो. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, तामिळनाडूची मुख्यमंत्री विमा योजना आणि महाराष्ट्रातील महात्मा फुले जन आरोग्य योजना या तिन्हींचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. पक्षाघात झाल्यावर विमा आहे. पक्षाघात टाळण्यासाठी दर तीन महिन्यांनी डॉक्टरकडे जावे, तर त्या भेटीचा खर्च रुग्णाच्याच खिशातून होतो. परिणामी अनेक जण ती भेट टाळतात.

कोविड काळात या दुहेरी वागणुकीचा कळस झाला. ३१ मार्च २०२० रोजी नवी मुंबई महापालिकेने खासगी डॉक्टरांना दवाखाने उघडे ठेवण्याच्या नोटिसा दिल्या. न उघडल्यास गुन्हा दाखल करण्याचा इशारा होता. त्यांपैकी एका आयुर्वेदिक डॉक्टरचा जूनमध्ये कोविडने मृत्यू झाला. आरोग्यसेवकांसाठीच्या ५० लाख रुपयांच्या विम्यावर त्यांच्या पत्नीने दावा केला, तेव्हा त्या डॉक्टरची सेवा शासनाने रीतसर मागून घेतली नव्हती, असे कारण देऊन तो नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, त्या काळातील आदेश व नियम पाहता डॉक्टरांच्या सेवा मागविल्या गेल्याच होत्या. प्रत्येक दाव्यात पुराव्यांवरून मृत्यू कोविड सेवेत झाला का, एवढे तपासावे. मृत्यूपासून या निर्णयापर्यंत साडेपाच वर्षे गेली.

महाराष्ट्राने काय घेतले

तामिळनाडूकडे महाराष्ट्र नेहमीच काहीशा असूयेने पाहात आला आहे, आणि त्यास कारणही आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास तामिळनाडूने औषध खरेदीसाठी वैद्यकीय सेवा महामंडळ काढले. प्रत्येक केंद्राला पासबुक देऊन त्याच्या वाट्याच्या रकमेतून औषधे उचलण्याची पद्धत बसविली आणि सरकारी दवाखान्यात औषध नाही, ही तक्रार बरीच कमी केली. महाराष्ट्रात वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच वर्षी १ मे रोजी राज्यभर 'आपला दवाखाना' केंद्रे सुरू झाली. मुंबईत ती त्याआधीपासूनच होती. मुंबईतील केंद्रे रात्री दहापर्यंत उघडी असणे ही कष्टकरी वस्त्यांसाठी मोठी सोय ठरली. तेथेही डॉक्टर कंत्राटीच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्णांचा मृत्यू झाला आणि त्यांत नवजात बालके मोठ्या संख्येने होती. अनेक रुग्ण खासगी रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत आले, असे शासनाने उच्च न्यायालयात सांगितले. या उत्तरातच दुखणे उघड होते. आधीच्या प्रत्येक टप्प्यावर जो रुग्ण थांबला नाही किंवा ज्याला थांबवून घेतले नाही, तो अखेरच्या दारापाशी पोचतो, आणि तेथील मंजूर व रिक्त पदांचा हिशेब त्या दिवशी प्रथमच वर्तमानपत्रात येतो.

जुन्या मुंबईकरांना कामगार राज्य विमा योजनेचे 'पॅनेल डॉक्टर' आठवत असतील. गिरणगावातील खासगी डॉक्टरच्या नावावर ठरावीक कामगार कुटुंबे नोंदविलेली असत आणि प्रत्येक कुटुंबामागे त्याला वार्षिक ठोक रक्कम मिळे. रक्कम तुटपुंजी होती, गैरप्रकारही होते. तरीही एका डॉक्टरकडे किती कुटुंबे, हे आधी ठरविणारी आणि त्यानुसार पैसे देणारी व्यवस्था आपल्याकडे होती, हे विसरले गेले आहे.

जो थांबत नाही तो डॉक्टर

तामिळनाडूत सरकारी सेवेत दाखल होणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरच्या पदाचे नाव आजही 'असिस्टंट सर्जन' आहे, मग तो आयुष्यभर शस्त्रक्रिया न करता खोकलाच तपासत असो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय सेवा भरती मंडळामार्फत त्याची निवड होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अडीच हजारांहून अधिक डॉक्टरांना अशी नियुक्तिपत्रे देण्यात आली. इतक्या तरुणांना खेड्यातील किंवा वॉर्डातील केंद्र का स्वीकारावेसे वाटते, याचे एक मोठे कारण म्हणजे पदव्युत्तर प्रवेशातील सेवांतर्गत आरक्षण. निम्म्या जागा सेवेतील डॉक्टरांना देण्याची या राज्याची जुनी परंपरा मध्यंतरी केंद्रीय नियमांमुळे खंडित झाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी राज्यांना असे आरक्षण ठेवण्याचा अधिकार असल्याचा निर्णय दिला.

या आरक्षणाने दुर्गम केंद्रांना डॉक्टर मिळवून दिले, हे निर्विवाद आहे. पण त्याच वाटेने ते जातातही. काही वर्षांच्या सेवेनंतर डॉक्टर तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी केंद्र सोडतो, तज्ज्ञ होतो आणि नंतर बहुधा मोठ्या रुग्णालयात रुजू होतो. मागे राहिलेल्या खुर्चीचे काम शेजारच्या केंद्रातील डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येऊन पाहतो. त्याच्या स्वतःच्या केंद्रात त्या दिवशी परिचारिका असते.

तेथेच थांबून त्याच कामात तज्ज्ञ होण्याची सोयही आहे, पण अरुंद. २००२ आणि २०१७ या दोन्ही राष्ट्रीय आरोग्य धोरणांनी कुटुंबवैद्यक या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण वाढविण्याची शिफारस केली होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने काम सोडावे न लागता करता येईल असा दूरशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम चालवून देशभरातील अनेक डॉक्टरांना त्यात प्रशिक्षित केले. मात्र पदव्युत्तर जागांमध्ये औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, क्ष-किरणशास्त्र यांच्यापुढे या विषयाचा वाटा अगदी किरकोळ आहे. कुटुंबवैद्यकातील पदवी घेतलेल्या डॉक्टरसाठी सरकारी केंद्रांत स्वतंत्र पद आणि वेतनश्रेणी बहुतेक राज्यांत नाही, त्यामुळे गुणवत्ता यादीत वर असलेला विद्यार्थी तिकडे क्वचितच वळतो.

गिंडीच्या रुग्णालयात हल्ल्यानंतर सोबत येणाऱ्यांना ओळखपट्ट्या देण्याची पद्धत सुरू करण्याचे ठरले. पट्टी मनगटावर बांधून बाह्यरुग्ण विभागात बसलेल्यांपैकी किती जणांना वॉर्डातील केंद्रातच उपचार मिळू शकले असते, याची नोंद ठेवण्यासाठी त्या पट्टीवर जागा नाही.